फोटोच्या मागे नाव लिहा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. वेळेअभावी बोलायचे राहिले ते लिहिताना जोडले आहे.)



वर्धापनदिनाला बोलायचे म्हणजे विषय ठरलेले असतात. पंचशील, शिक्षणाचे महत्त्व, व्यसनमुक्ती, बाबासाहेबांचे उपकार. हे विषय जुने झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण यंदा कमिटीने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘फोटो’. कमिटीतली पोरं हसली. एक जण म्हणाला, काका, लग्नाचे का बारशाचे? आम्ही म्हटलं, बाबांनो, गरिबांचे फोटो. घर मोडलेल्या माणसांचे फोटो. ते कोण काढतो, कशासाठी काढतो, ते जातात कुठे आणि ज्याचा फोटो त्याच्या पदरात काय पडतं, यावर बोलायचं आहे. मग कोणी हसलं नाही. कारण आपल्या वस्तीच्या पुनर्विकासाचे कागद घरोघरी फिरताहेत, सर्व्हेवाले दारांवर नंबर टाकून गेलेत, आणि पुढच्या वर्षी ही सभा याच जागेवर होईल की नाही, हे इथं बसलेल्या कोणालाही आज सांगता येणार नाही.

आपल्या लोकांना फोटो म्हटलं की आधी आठवतो तो फोटोपास. १९७६ साली मुंबईतल्या सरकारी आणि महापालिकेच्या जागेवरच्या झोपड्यांची गणती झाली आणि गणतीत आलेल्यांना फोटो लावलेला पास मिळाला. आमची आई तो पास पत्र्याच्या पेटीत अगदी तळाला ठेवी. नाल्याचं पाणी चढलं की आधी पेटी माळ्यावर जायची, मग आम्ही पोरं. त्या फोटोत आई घाबरलेली दिसते, वडिलांचे डोळे मिटलेले आहेत. फोटो म्हणून तो काही चांगला नाही. पण आमच्या घरातला सर्वांत किमती फोटो तोच.

किमती का, ते सांगतो. १९८१ साली ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरल्या माणसांच्या झोपड्या मोडून त्यांना शहराबाहेर घालवायचा हुकूम निघाला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर मंडळी सुप्रीम कोर्टात गेली. १९८५ साली निकाल लागला. बाबासाहेबांच्या घटनेतल्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं कोर्टाने म्हटलं. फार मोठी गोष्ट झाली. पण त्याच निकालात पावसाळ्यानंतर फुटपाथ मोकळे करायला परवानगीही मिळाली, आणि पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणतीत आलेल्यांना, असं ठरलं. म्हणजे हक्क सगळ्यांना, जागा मात्र ज्याच्याजवळ पुरावा त्याला. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, नंतर १ जानेवारी २००० झाली. तारीख बदलली तरी प्रश्न तोच राहिला. त्या दिवशी तू इथं होतास, हे कशावरून?

आता आमची एक चूक या सभेपुढे कबूल करतो. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ती ठाऊक आहे, तरुणांना नाही.

१९९४ चा डिसेंबर होता. नाल्याच्या कडेची बारा घरं तोडली. सकाळी गाडी आली आणि दुपारपर्यंत पत्रे, बांबू, भांडी रस्त्यावर. संध्याकाळी एक तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून आला. त्याने मोडलेल्या घरांचे फोटो काढले, चुलीचे काढले, मग पोराला पदराखाली घेऊन बसलेल्या एका बाईकडे त्याने कॅमेरा वळवला. आम्ही तेव्हा पंचविशीतले. मिलमधून पाळी करून आलेलो, डोकं आधीच तापलेलं. आम्ही चार-पाच जणांनी त्याला घेरला. आमच्या बायकांचे फोटो काढतोस? आमची गरिबी विकतोस? तो बिचारा सांगत होता, मी पेपरसाठी काढतोय, तुमच्याच बाजूचा आहे. आम्ही ऐकलं नाही. कॅमेरा उघडायला लावला, रोल ओढून बाहेर काढला आणि उजेडात धरला. त्याला मारलं नाही, एवढंच काय ते चांगलं. त्या रात्री आम्हाला वाटलं, आपण वस्तीची अब्रू राखली.

पुढे पात्रता ठरवायची वेळ आली. त्या बारांपैकी काही घरांची नावं मतदार यादीत नव्हती. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत खेटे सुरू झाले. एका साहेबाने विचारलं, १९९५ च्या आधी तिथं घर उभं होतं याला काही फोटो, पेपरचं कात्रण, काही आहे का? त्या पदराखाली पोर घेतलेल्या बाईने आमच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. नुसत्या फोटोवर घर मिळालं असतंच असं आम्ही म्हणत नाही. पण अपिलात पुढे ठेवायला तारखेसह काहीतरी हातात असतं. ते आम्ही आमच्या हाताने उजेडात धरून जाळलं. ते कुटुंब पुढे शहराबाहेर लांब गेलं.

त्या दिवसापासून या विषयाने आमचा पिच्छा सोडला नाही. आमचं शाळेतलं शिक्षण थोडं. जे शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयात, आणि हल्ली मुलीच्या मोबाईलवर. त्यातून जे कळलं ते थोडक्यात मांडतो.

न्यूयॉर्क शहरात जेकब रीस नावाचा बातमीदार होता. मूळचा डेन्मार्कचा, १८७० साली अमेरिकेत आला, उपाशी राहिला, पोलिसांच्या धर्मशाळेत झोपला. पुढे पेपरात लागल्यावर तो गरिबांच्या चाळींतून कॅमेरा घेऊन हिंडू लागला. अंधाऱ्या खोल्यांत पूर्वी फोटो निघत नसत. तेव्हा मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडायची युक्ती नवीन निघाली होती. रात्री अचानक आत शिरायचं, भुकटी पेटवायची, लोक दचकून उठेपर्यंत फोटो काढून बाहेर. एकदा तर आंधळ्या माणसांच्या खोलीत त्याच्या भुकटीने आग लागली, त्यानेच ती विझवली. १८९० साली त्याचं पुस्तक निघालं आणि शहर हादरलं. १९०१ साली चाळींसाठी नवा कायदा झाला. अशा चळवळीत त्याच्या फोटोंचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलं पाहिजे.

पण दुसरी बाजूही बघा. मलबेरी बेंड नावाच्या वस्तीवर त्याने सतत लिहिलं. ती वस्ती पाडली गेली आणि १८९७ साली तिथं बाग उघडली. बाग झाली हे चांगलंच झालं. पण तिथली माणसं कुठं गेली, हे विचारायला कॅमेरा त्यांच्या मागे गेला का? आणि ज्यांचे फोटो काढले त्या चिनी, ज्यू, इटालियन लोकांबद्दल त्याच पुस्तकात वाईटसाईटही लिहिलेलं आहे. म्हणजे दया होती, बरोबरी नव्हती. दया आणि बरोबरी यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

आपल्या मुंबईतही तेच घडलं. १८९६ साली प्लेग आला. गोऱ्या अंमलदारांनी प्लेगच्या इस्पितळांचे, झडतीच्या पथकांचे, चाळींचे फोटो काढवून घेतले, त्यांचे अल्बम केले. १८९८ साली सुधारणा ट्रस्ट म्हणजे आपली बीआयटी स्थापन झाली आणि गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या पडू लागल्या. पहिल्या काळात घरं पाडली जास्त आणि बांधली कमी. नंतर ज्या चाळी बांधल्या त्यांपैकीच परळच्या चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई यांनी संसार केला. त्या खोल्या आपल्याला पवित्र वाटतात. तिथं दाटीवाटीत राहून बाबासाहेब कसे अभ्यास करीत, हे आपण पोरांना सांगतो. एखादा अंमलदार तिथं कॅमेरा घेऊन गेला असता तर त्याला काय दिसलं असतं? एक अंधारी खोली आणि गर्दी. पुस्तकं दिसली असती का?

आता एक चांगला माणूस सांगतो. लुईस हाईन. हा मूळचा मास्तर. १९०८ पासून तो अमेरिकेतल्या बालमजुरीचे फोटो काढू लागला. सूतगिरण्यांत, कोळशाच्या खाणींत. मालक आत सोडेनात म्हणून कधी विमेवाला होऊन, कधी बायबल विकणारा होऊन शिरायचा. त्याचा एक फोटो आम्ही कितीदा पाहिला असेल. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कापड गिरणीत रिंगच्या मशीनसमोर उभी असलेली लहान पोर. आम्ही स्वतः रिंगखात्यात काम केलं. त्या फोटोतल्या बॉबिनच्या रांगा बघून आमच्या कानात खात्याचा आवाज घुमायला लागला. आणि फोटोखाली हाईनने काय लिहिलंय? पोरीची उंची ५१ इंच. गिरणीत येऊन वर्ष झालं. कधी कधी रात्रपाळी करते. चार साईड चालवते. रोज ४८ सेंट. चार साईड म्हणजे काय ते आमच्यासारख्याला विचारा! एवढ्याशा पोरीच्या पायांना किती फेऱ्या पडत असतील. नुसता फोटो असता तर लोक म्हणाले असते, अरेरे. पण खाली उंची, पाळी आणि मजुरी लिहिली, म्हणून तो फोटो साक्षीदार झाला. पोरींची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजायचा म्हणतात. बालमजुरीला आळा घालणारा पक्का कायदा व्हायला तिथं १९३८ साल उजाडलं. तीस वर्षं लागली. म्हणून एका मोर्च्यानंतर दमणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा फोटो सगळ्या जगाला माहीत आहे. १९३६ सालचा, डोरोथिया लँग या बाईंनी काढलेला. कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, फाटक्या तंबूत बसलेली एक आई, दोन पोरं तिच्या खांद्यात तोंड लपवून. फोटो पेपरात आला आणि सरकारने तळावर धान्य पाठवलं. पण तोपर्यंत ती आई पोरांना घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचं वय लिहून घेतलं, ३२. नाव विचारलं नाही. ते नाव जगाला कळलं १९७८ साली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. चेरोकी म्हणजे तिथल्या मूळ निवासी समाजातली बाई. तिने सांगितलं, या फोटोतून मला काही मिळालं नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं. बेचाळीस वर्षं जगाने तिचा चेहरा पाहिला आणि नाव विचारलं नाही. आम्हाला त्या रात्रीचा तो तरुण आठवतो. त्याने आधी बाईंजवळ बसून नाव विचारलं असतं, आणि आम्ही आधी त्याला कारण विचारलं असतं, तर रोल वाचला असता.

आपल्याकडे आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली ‘हमारा शहर’ हा चित्रपट काढला, मुंबईतल्या झोपड्या तोडण्यावर. त्यात घर गेलेली एक बाई संतापून चित्रपट काढणाऱ्यालाच जाब विचारते की, आमची चित्रं काढून तुमचं नाव होणार, आम्हाला काय मिळणार? पटवर्धनांनी तो भाग कापला नाही, ठेवला. याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो. ज्याच्यावर कॅमेरा रोखला त्याला उलट प्रश्न विचारायचा अधिकार आहे, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

आणि सुधारक ओलवे यांचं काम तर आपल्या घरचं म्हणावं असं. मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं हिंडून त्यांनी फोटो काढले. कचऱ्याच्या डब्यात, गटारात उतरलेला माणूस, आणि तोच माणूस घरी बायकापोरांत बसलेला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघून शहराला कळतं की आपण सकाळी उठतो तेव्हा रस्ता आपोआप स्वच्छ झालेला नसतो.

फोटो खोट्याच्या बाजूनेही उभा करता येतो, हेही विसरू नका. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळीबार करावा लागला, असं सांगण्यात आलं आणि त्यासाठी चित्रफितीचा आधार दिला गेला. पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ साली पुरा केला, त्यात टँकर कुठे आणि गोळ्या कुठे, हे तपासून दाखवलं. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. त्याला पुढे जामीन मिळाला, हेही आपल्याला माहीत आहे. सांगायचं इतकंच की ज्याच्या हातात चित्र, तो गोष्ट सांगतो. आपल्या हातात चित्र नसेल तर दुसऱ्याच्या चित्रात आपण गुन्हेगार म्हणून दिसतो.

बंधू-भगिनींनो, आता विहारात बोलतोय तर धम्माच्या दृष्टीने याकडे बघू. लहानपणी आपण ऐकायचो की सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेबांनी कारण दाखवलं ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणाचं. म्हणजे नुसतं दुःख पाहून कळवळणं नव्हे. पाणी कोणाला, कोण ठरवणार, लढाई का, हा प्रश्न. आम्हाला तर वाटतं की गरिबीचा फोटो पारखायची कसोटी यातच आहे. तथागतांनी दुःख आहे एवढंच सांगितलं नाही, दुःखाला कारण आहे हेही सांगितलं. जो फोटो दुःख दाखवतो आणि कारण लपवतो, तो बघणाऱ्याला चार आसवं गाळायला लावून घरी पाठवतो. ज्याच्याखाली उंची, पाळी, मजुरी, नाव, तारीख लिहिली, तो कारणापर्यंत नेतो.

गिरणगावाचं काय झालं ते आपल्या डोळ्यांदेखत आहे. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद होत गेल्या, चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. त्या टॉवरच्या पायथ्याशी कोण राहत होतं? कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा पुन्हा तेच, गिरणीचं ओळखपत्र दाखवा, ईएसआयचं कार्ड दाखवा, पगाराची चिठ्ठी दाखवा. कितीतरी विधवांनी नवऱ्याच्या जुन्या पासवरचा नखाएवढा फोटो जपून ठेवला होता, म्हणून त्यांचा अर्ज उभा राहिला. ज्यांच्या मुलांनी जुनी अडगळ म्हणून पेटी भंगारात दिली, ते आजही कागद शोधताहेत.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. कमिटीपुढे ते लेखी दिलं आहे.

एक. वस्ती रिकामी होण्याआधी प्रत्येक घराचा फोटो काढायचा. दारावरच्या नंबरासकट, घरातली सगळी माणसं उभी करून. आपल्याच पोरापोरींनी काढायचा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, नुसते स्वतःचेच फोटो किती काढाल? ज्याला काढायचा नसेल त्याच्यावर जबरदस्ती नाही. आधी विचारायचं, मग कॅमेरा.

दोन. फोटो कागदावर छापून घ्यायचा आणि मागे नाव, घर नंबर, तारीख, गाव कोणतं, वस्तीत कधी आलो आणि कोणतं काम केलं ते लिहायचं. मोबाईल पाण्यात पडला की सगळं गेलं. एक प्रत घरात, एक विहारात.

तीन. जुने फोटो असतील ते आणून द्या. सत्यनारायणाला मूठमाती देऊन पहिली बुद्धवंदना केली तेव्हाचे, संपाच्या काळातले, नळावरच्या रांगेचे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे. आपला फोटो म्हणजे नुसतं मोडलेलं घर नव्हे. रात्रशाळेत दिव्याखाली बसलेला पोरगा हासुद्धा पुरावा आहे, की आम्ही इथं नुसते राहिलो नाही, शिकलो, घडलो.

चार. बाहेरचा कोणी कॅमेरा घेऊन आला तर त्याला हाकलू नका आणि त्याच्यापुढे नुसते उभेही राहू नका. विहारात बसवा, चहा द्या, विचारा. कशासाठी काढतोस? कुठे छापणार? नाव लिहिणार का? आम्हाला प्रत देणार का? उत्तर नीट मिळालं तर स्वतः बरोबर हिंडून वस्ती दाखवा.

नाल्याकडच्या त्या बाईंना आम्ही गेल्या वर्षी भेटलो. पदराखालचं ते पोर आता स्वतः दोन पोरांचा बाप आहे. आम्ही माफी मागितली. बाई म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही आमच्यासाठीच भांडलात, फक्त विचारलं नाहीत.’ एवढं बोलून त्यांनी चहा ठेवला. जाताना आम्ही त्यांच्या घराचा, त्यांना दारात उभं करून, फोटो काढला. विचारून काढला. त्याची प्रत आज विहाराच्या वाचनालयात ठेवतो आहोत. मागे नाव लिहिलंय, तारीख लिहिलीय, आणि १९९४ पर्यंत नाल्याकडचं कितवं घर त्यांचं होतं, तेही लिहिलंय. संग्रहातला तो पहिला फोटो. दुसरा कोणाचा, ते तुम्ही ठरवा.

 काही चुकलं असेल तर लहान भाऊ समजून सांभाळून घ्या.

नमो बुद्धाय! जय भीम!